वजा केलेला एक

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर धाकट्याने विचारलं, "आजी, या ख्रिसमसला घरात तू एकटीच ना?" मी "नाही" म्हणाले. मग तुम्ही दोघांनी कोण पाहुणे येणार आहेत ते विचारायला सुरुवात केली आणि मला नीट सांगता येईना. फोनवर मला काहीच नीट सांगता येत नाही. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, अक्षर स्पष्ट दिसतं, म्हणून लिहून कळवते. यात एक गोष्ट तुमच्या आईलाही अर्धवटच माहीत आहे. ती तिने आता पूर्ण वाचली तरी चालेल.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे तो इंग्रजीत मावणारा नव्हता. अडखळत का होईना, मराठीतच वाचा.

आपल्या छावणीतल्या चर्चच्या संडे स्कूलला एक सर होते. नोकरी कन्नड तालुक्यातल्या खेड्यातल्या शाळेत, चौथीच्या वर्गावर. सोमवारी पहाटेच्या एसटीने जायचे, शनिवारी परत यायचे, आणि रविवारी सकाळी साडेसातला चर्चच्या मागच्या खोलीत पोरांची हजेरी घ्यायला उभे. लग्न केलं नव्हतं. उंच, वाळलेले, डोक्याला मफलर, तोंडात लवंग. आवाज इतका बेसूर की नाताळच्या गायनाला त्यांना मागच्या रांगेत उभं करत आणि तरी पुढे ऐकू येत असे.

त्यांच्या हजेरीपटात पहिलं नाव होतं इम्मानुएल. आडनाव नाही, जन्मतारीख नाही, पालकांचं नाव नाही. दर रविवारी सर पट उघडून मोठ्याने म्हणत, "इम्मानुएल!" आणि सगळी पोरं एका दमात ओरडत, "हजर!" मग दुसऱ्या क्रमांकापासून खरी मुलं. इम्मानुएल म्हणजे 'देव आमच्यासोबत' हे तुम्हाला माहीत असेल. नाताळच्या प्रत्येक कार्डावर असतं. आम्ही ते वर्षातून एकदा कार्डावर लिहीत होतो. सर दर रविवारी त्याच्यापुढे हजेरीची खूण करत होते.

मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकवत असे आणि संडे स्कूलचे कागद सांभाळत असे. दर तीन महिन्यांनी मुलांची संख्या वर कळवावी लागे. सरांच्या पटावर बत्तीस, खोलीत मुलं एकतीस. मी एकदा त्यांना म्हटलं, "सर, पट म्हणजे अधिकृत कागद. त्यात जो नाही त्याचं नाव घालता येत नाही."

"नाय कसा? पोरं हजर म्हनतात की."

"मुलं तुम्ही शिकवलं ते म्हणतात."

"मंग पाढे बी म्या शिकवलेलेच म्हनतात, बाई. ते खोटे हायेत व्हय?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी दर तिमाहीला त्यांच्या आकड्यातून एक वजा करू लागले. पुढे ते इतकं अंगवळणी पडलं की सरांच्या हातचा कुठलाही कागद आला की माझं मन आपोआप एक वजा करी.

एका नाताळच्या कार्यक्रमाला पुण्याहून पाहुणे आले होते. वर्षभर एकही खाडा न केलेल्या मुलाला कंपासपेटी द्यायची होती. पाहुण्यांच्या हातात कोणीतरी सरळ हजेरीपटच दिला. पाहुणे बिचारे मनापासून बोलले. आजच्या काळात असं नियमित मूल दुर्मीळ आहे, त्याच्या आईवडिलांचंही अभिनंदन केलं पाहिजे, वगैरे. मग म्हणाले, "कुमार इम्मानुएल, व्यासपीठावर या!"

पोरं हसून लोळायची बाकी राहिली. "कुठे बसलाय तो?" पाहुण्यांनी विचारलं.

"हितंच हाय!" तीस तोंडांनी उत्तर दिलं.

चर्चच्या पाळकसाहेबांचा चेहरा लाल झाला. सर शांतपणे वर गेले, कंपासपेटी घेतली, पाहुण्यांना नमस्कार केला, खाली आले आणि वर्षात सर्वांत जास्त खाडे केलेल्या पोराच्या हातात ती ठेवली. मी कार्यक्रमानंतर कारण विचारलं. म्हणाले, "त्यो आसंच करतो, बाई. त्याची वस्तू त्याच्या रीतीनं दिली."

पाळकसाहेबांशी त्यांचं अधूनमधून वाजे. साहेबांनी प्रार्थनेत "हे प्रभो, आमच्यामध्ये ये" म्हटलं की मागून सरांचं खाकरणं ऐकू येई. एकदा बाहेर पायरीवर त्यांनी तोंडावरच सांगितलं, "साहेब, घरात बसलेल्या मान्साला कुनी या म्हनतं का? बसा म्हनावं, पानी द्यावं." साहेब चिडले. पण पुढच्या रविवारी त्या वाक्यापाशी ते क्षणभर थांबले, हे मी पाहिलं.

कोणी सरांना सहज विचारलं, "एकटेच आलात?" तर ते "नाय" म्हणत, आणि विचारणारा त्यांच्या मागे पाहत राही. खोलीचं दार थंडीतही उघडं ठेवत. त्यामुळे शेजारची मांजर, दोन कोंबड्या आणि घरमालकाची पोरं सदैव आत. मला त्या खोलीत कधी नीट बसता आलं नाही.

ही सवय लागली कुठून, ते मी एकदा एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहताना विचारलं होतं. सर मेंढरं राखणाऱ्या घरातले. आईवडील खंडोबाचे भक्त. पोरगा शिकावा म्हणून त्यांनी त्याला मिशनच्या बोर्डिंगात ठेवलं आणि कळप घेऊन ते गोदावरीच्या अंगाला उतरले. नाताळची सुट्टी लागली. सगळी मुलं घरी गेली. याचं घर त्या वेळी नेमकं कुठल्या शिवारात होतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बोर्डिंगात हा एक आणि अधीक्षक साहेब एक.

"संध्याकाळी साहेब हजेरी घ्यायचंच सोडून देऊ लागले. म्हनले, एकट्याची कसली हजेरी रे? म्या म्हनलं, घ्या की साहेब. नाव नाय घेतलं तर म्या हाय का नाय ते कसं कळंल?"

"मग?"

"घेतलं. म्या हजर म्हनलं. साहेब म्हनले, झालं, एक. म्या म्हनलं, एक नाय साहेब, दोन. परवाच तुमी शिकवलं की, देव आपल्यासोबत. आता मोजायला आळस करता व्हय? साहेबांनी पेन उघाडलं. मंग माज्या नावाच्या वर जागा व्हती, तिथं इम्मानुएल लिवलं."

"वरच का?"

"आमच्यात खळ्यावर धान्य मापतात तवा पयल्या मापाला एक म्हनत नायत. लाभ म्हनतात. लाभ, दोन, तीन. पयलं माप देवाचं, ते मोजनीत आसतं बी आन् मानसाचं नसतं बी."

गाडी आली आणि ते खिडकीची जागा धरायला धावले. बाप्तिस्मा त्यांनी फार पुढे, नोकरी लागल्यावर घेतला. ही हजेरी त्याच्या कितीतरी आधीची.

आता मुख्य गोष्ट. नाताळच्या आधीचा शनिवार होता. सोळा-सतरा वर्षं झाली असतील. गंगापूरकडच्या एका लहान खेड्यात, तिथल्या छोट्या चर्चमध्ये, आमच्या मुलांनी ख्रिस्तजन्माचं नाटक करायचं ठरलं. एक जुनी बस भाड्याने घेतली. पालकांच्या सह्या असलेली यादी लागणार होती. ती सरांनीच केली. आदल्या रविवारी मला म्हणाले होते, "बाई, इम्मानुएलच्या बापाची सही कुटनं आनू?" मी म्हटलं होतं, "तुमचं तुम्ही बघा." आणि हसून विसरून गेले होते.

नाटक दुपारी झालं. मेंढपाळांच्या प्रवेशासाठी गावातल्या एका बाईने खरं कोकरू दिलं होतं. चार वाजता निघायची वेळ झाली. सर नेहमी स्वतः मुलं मोजत. पण त्या दिवशी गावातल्या एका म्हाताऱ्याने त्यांचा हात धरला होता आणि तो त्यांच्या वडिलांना ओळखत असल्याचं सांगत होता. सरांनी यादी माझ्याकडे दिली. खाली लिहिलं होतं: एकूण एकतीस.

मी एक वजा केला. तीस.

बसमध्ये चढून मोजलं. तीस मुलं होती. दोनदा मोजलं, कारण मी नेहमी दोनदा मोजते.

"बाई, भरली का?" सरांनी खालून विचारलं.

"भरली."

वाळूजच्या अलीकडे एक मुलगी म्हणाली, "एस्तेर माझ्या शेजारी बसणार होती, ती कुठे बसलीये?" एस्तेर नऊ वर्षांची, नाटकातली देवदूत. ती कुठेच बसली नव्हती. सरांनी माझ्या हातातली यादी घेतली, पाहिली, परत माझ्या हातात दिली. ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगून खाली उतरले आणि समोरून येणाऱ्या प्रवासी जीपला हात केला. जीप भरलेली होती. ते मागच्या फळीवर उभे राहून, लोखंडी कांब धरून गेले. त्यांचा मफलर वाऱ्यावर उडत होता, तो मला अजून दिसतो.

यादीत इम्मानुएल नव्हता. सरांनी पहिल्यांदाच त्याला वगळून, माझ्या मनासारखा, खऱ्या मुलांचा खरा आकडा लिहिला होता. आणि मी त्यातून एक मूल वजा केलं होतं.

तिथे काय झालं ते नंतर एस्तेरने आणि सरांनी सांगितलं. ती कोकरू परत द्यायला त्या बाईसोबत शेतापर्यंत गेली होती. परत आली तर बस नाही आणि चर्चला कुलूप. आधी खूप रडली. ती बाई तिच्याजवळ पायरीवर बसून राहिली, तिला कोवळा हुरडा दिला. ती खाईना. मग एस्तेर उभी राहिली, कापसाचे पंख तसेच अंगावर, आणि मोठ्याने म्हणाली, "इम्मानुएल! हजर. एस्तेर! हजर."

बाई म्हणाली, "कोन गं ह्यो इम्मानुएल? त्याला बी इसरून गेली का गाडी?"

"नाही. तो गाडीतपण आहे."

"आन् हितं बी?"

"हो."

"मंग त्याला म्हनावं, हुरडा खा. तू तर खाईना."

तेव्हा ती हसली आणि खाल्ला. अंधार पडायच्या आत सर पोचले. पंखांसकट तिला दुसऱ्या जीपमध्ये बसवून घेऊन आले. देवाने तिचं रक्षण केलं असं पुढे लोक म्हणाले. मला तेव्हाही आणि आताही एवढंच ठाऊक आहे की एक मेंढपाळ बाई दीड तास पायरीवरून उठली नाही.

मंगळवारी पाळकसाहेबांच्या घरी कमिटीची बैठक झाली. एस्तेरचे वडील चिकलठाण्याच्या कारखान्यात होते, ड्यूटीवरून तसेच आले होते. ते बसलेच नाहीत. सरांसमोर उभे राहून म्हणाले, "देव मोजता आणि माझी पोरगी विसरता!"

सगळ्यांनी तेच गृहीत धरलं. पटात एक खोटं नाव, म्हणून आकडा चुकला, म्हणून मूल राहिलं. "यादी कुठे आहे?" कोणीतरी विचारलं. यादी माझ्या पर्समध्ये होती, चार घड्या घालून.

सर म्हणाले, "यादी माज्याकडं नाय. पोरांची जिम्मेदारी माजी व्हती. चूक माजी."

ते माझ्याकडे पाहत नव्हते. मला बोलायला भरपूर वेळ होता. तुमचे आजोबा त्याच कमिटीवर होते, माझ्या शेजारी बसले होते. मंडळीत म्हणत, बाई कधी चुकत नाहीत. मी गप्प बसले. सरांना संडे स्कूलमधून मोकळं केलं गेलं आणि पटातलं पहिलं नाव काढावं असं ठरलं. त्या ठरावाखाली माझीही सही आहे.

नवा छापील पट आला. नव्या शिक्षिका आल्या. सर उपासनेला मागच्या बाकावर बसत, संपली की सायकल घेऊन निघून जात. त्या माणसाला दुसरं काही नव्हतं. आठवडाभर खेड्यात पोरं शिकवायची आणि रविवारी इथे. शनिवारी ते परत येतच राहिले. कशासाठी ते मी विचारलं नाही. नव्या शिक्षिका माझ्याकडे तक्रार करत की पहिल्या मुलाचं नाव घ्यायच्या आधीच कोणीतरी हळूच "हजर" म्हणतं आणि कोण ते सापडत नाही. तिमाहीला वजा करायला काही नव्हतं. आकडे जुळत होते.

त्या वर्षी मला देवाची सोबत नकोशी झाली होती, हे तुम्हाला स्पष्ट सांगते. लोकांना वाटतं तो सदैव जवळ आहे ही नुसती दिलाशाची गोष्ट आहे. माझ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच होता की त्या मंगळवारच्या बैठकीत एक साक्षीदार होता. नाताळ जवळ येऊ लागला, घरोघर तीच कार्डं येऊ लागली, आणि मी ती उघडेनाशी झाले.

शेवटी एका शनिवारी दुपारी मी यादी घेऊन सरांच्या खोलीवर गेले. दार उघडंच होतं. ते स्टोव्हवर चहा ठेवत होते.

"या बाई. एकट्याच?"

"हो."

"आसं कसं?" ते म्हणाले आणि कोंबडीला खाटेवरून हाकलून मला जागा करून दिली.

मी यादी समोर ठेवली. त्यांनी ती उचललीसुद्धा नाही. "म्हाईत हाय."

"मग बोलला का नाहीत? अकरा महिने झाले."

"तुमी बोलाल म्हनून वाट बघितली. आन् म्या बोललो आसतो तर तुमी एकट्या पडला आसता. समदे तुमच्या अंगावर आले आसते. मला काय, सवय हाय."

मला राग आला. चांगुलपणाचाही राग येतो. मी म्हटलं, "तुमचा इम्मानुएल होता ना त्या बैठकीत? पाहत होता ना, मी कशी गप्प बसले ते?"

"व्हता की."

"त्याचीच मला वर्षभर धास्ती आहे."

सरांनी चहा दोन कपांत ओतला. त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "धास्ती कसली? त्यो काय शाळा तपासनीस हाय व्हय? त्या दिशी तो तुमच्या बाजूला बसला व्हता. माज्या बी बाजूला व्हता, पर मला गरज कमी व्हती. सोबत म्हंजी काय, बाई? समोरचा चुकला की उटून जाती ती सोबत नव्हं. घ्या, च्या निवतोय."

मी चहा घेतला. फार गोड होता. त्यानंतर आम्ही वर्गातल्या पोरांबद्दल बोललो.

नाताळच्या उपासनेत, सूचना वाचून झाल्यावर, मी उभी राहिले. काय झालं ते सांगितलं, यादी पाळकसाहेबांच्या हातात दिली आणि बसले. तीन-चार मिनिटांचं काम. तुमच्या आजोबांना तेव्हाच कळलं. घरी आल्यावर म्हणाले, "मला आधी सांगायला हवं होतंस." बाहेर एस्तेरचे वडील थांबले होते. "बाई, पोरगी माझी होती. एवढा उशीर लावलात." मी माफी मागितली. ते मान हलवून गेले. त्यांनी मला लगेच माफ केलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब स्वतः जुना पट सरांच्या हातात देऊन गेले. सरांनी उघडला, नाव घेतलं, पोरं ओरडली. त्या दिवसापासून मी वर जो आकडा कळवला तो सरांचाच कळवला. कोणी विचारलंही नाही.

सर दोन वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यात वारले, दुपारच्या वेळी. मी पोचले तेव्हा नर्स म्हणाली, शेवटी त्यांच्याजवळ कोणी नव्हतं. मी तिच्याशी वाद घातला नाही.

त्यांची खोली पाडून तिथे दुकानं झाली. बरीच कुटुंबं पुण्याला गेली. संडे स्कूल चालू आहे. आता ते एस्तेर चालवते. आठवडाभर चिकलठाण्याच्या एका शाळेत शिकवते. नाताळच्या आधी मुलांना अजूनही बाहेरगावी नेतात. पहिल्याच वर्षी तिने यादी माझ्या हातात दिली. तिचे वडील तिथेच उभे होते. मी म्हटलं, "अगं, माझ्याकडे नको." ती म्हणाली, "बाई, मोजायला तुमच्याइतकं काळजीचं माणूस आता दुसरं नाही." वडिलांनी माझ्यासाठी बसचं दार धरलं.

तेव्हापासून मोजायचं काम माझ्याकडे आहे. यंदा सतरा मुलं गेली होती. सतरा परत आली.